बारमाही कोट

गेल्या वर्षी हिवाळा नऊ दिवस आला. आला तोही घाईतल्या पाहुण्यासारखा, उभ्या उभ्या. लोकरवाल्यांच्या दुकानातले स्वेटर, शाली, कोट सगळं जागच्या जागी राहिलं. शेवटी त्यांनी पाटीवरच्या 'हिवाळी माल'मधलं 'हिवाळी' खोडून 'बारमाही' लिहिलं. माणूस तसा खोटं बोलणारा नव्हता. पण कपाटं गच्च भरली की शब्द जरा सैल होतात.

भर उन्हाळ्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, सूनबाई ऑफिसातून कुडकुडत आली.

"बाबा, एक स्वेटर द्या. आमच्या मोठ्या साहेबांनी एसी सतरावर ठेवलाय."

आठवडाभरात तिच्या ऑफिसात एकतीस स्वेटर गेले. लोकरवाले दुकानात शीळ घालू लागले.

शीळ घालत नव्हती ती बायको. ऑफिस दुकानाच्या पाठीलाच होतं आणि त्याच्या नऊ एसींची गरम हवा फेकणारी तोंडं बरोबर तिच्या विणकामाच्या खोलीकडे होती.

"अहो, लोकर घामाने बोटांना चिकटतेय," तिने सुया खाली ठेवल्या. "तिकडे थंडी, इकडे वाफ. मी बहिणीकडे चालले. हिवाळा आला की येते परत."

लोकरवाल्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. वर्षाकाठी नऊ दिवस.

बायको बॅग भरायला लागली, तसे ते उठून थेट ऑफिसात गेले. एवढा एसी सतरावर, आणि केबिनमध्ये मोठे साहेब रुमालाने मान पुसत बसलेले! अंगात कोट. लोकरवाल्यांचा हात सवयीने बाहीवर गेला. अस्सल लोकर, आतून दुहेरी अस्तर. आपल्याच दुकानातला.

"साहेब, हा घालून बसता?"

"तुम्हीच म्हणालात ना, बारमाही! फक्त गरम होतं जरा. म्हणून तर सतरावर ठेवतो."

गप्प बसलं असतं तर आणखी तीस स्वेटर खपले असते. लोकरवाल्यांनी घसा खाकरला.

"काढा तो. बर्फात घालायचा कोट आहे. बारमाही फक्त पाटी होती."

"मग विकलात कशाला?"

"हिवाळाच आला नाही, साहेब."

"तो का नाही आला?"

लोकरवाल्यांनी खिडकीबाहेर घरघरणाऱ्या यंत्रांकडे बोट दाखवलं. "ही चालायला कुठेतरी कोळसा जळतो. त्याच्या धुरातला वायू वर साठतो आणि सगळ्या जगाला असाच एक कोट घालतो. आता हे सगळं तुमच्या नऊ यंत्रांनी केलं, असं नाही म्हणत मी. पण हातभार आहे. माझाही आहे, एका कोटाचा."

साहेबांनी कोट उतरवला. दोन मिनिटांत दंड चोळू लागले. म्हणाले, "अहो, इथे तर गारठा आहे!" आणि एसी सव्वीसवर नेला.

दुसऱ्या दिवशी एकतीस स्वेटर घडी घालून परत आले. लोकरवाल्यांनी ते निमूटपणे कपाटात लावले. मागच्या खोलीत वारा वाहत होता असं नव्हे. पण उघड्या खिडकीत बसवत होतं. बॅग पुन्हा माळ्यावर गेली होती आणि सुयांची टिकटिक सुरू होती.

लोकरवाल्यांनी पाटी उतरवली, 'बारमाही' खोडलं आणि विचार करून लिहिलं : 'नऊ दिवसांचा माल'.

बायकोने मान वाकडी करून वाचलं.

"दहा लिहा," ती म्हणाली. "एसी सव्वीसवर आलाय ना!"