रिकाम्या स्ट्रिपा

ते साल २००३. दवाखान्याच्या औषधखिडकीवर एका शिंपिणीने पिशवी उलटी केली आणि गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपांचा ढीग पडला.

"मोजून घ्या बाई. नंतर म्हणाल, शिंपिणीने कापड मारलं."

खिडकीवरच्या बाईंनी हसत हसत मोजल्या, शिक्का मारला आणि तीन महिन्यांच्या नव्या गोळ्या पुढे सरकवल्या. रक्ताच्या कर्करोगावरची ती नवी गोळी गरजूंना फुकट मिळे. पण जुन्या स्ट्रिपा परत केल्या तरच, आणि अर्ज दरवर्षी नव्याने मंजूर झाला तरच.

शाळेचे गणवेश शिवणारी ही बाई अंगाने काटकुळी आणि जिभेने टोचणारी, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणत. सोबत थोरली बहीण होती, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ताई. दोघींची लग्नं राहिली ती राहिलीच. दोन खोल्या, एक मशीन आणि ताईचे अधू डोळे. बटणं ती अंदाजाने सुरेख लावी, पण सुईत दोरा ओवायला धाकटीच लागे.

वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन हातात फार दिवस नाहीत म्हणून सांगितलं होतं. तेवढ्यात ही गोळी आली. जुनी औषधं सगळ्या शरीरावरच तुटून पडत. ही नेमकी बिघडलेल्या पेशींना गाठायची. रोज चार, जेवणानंतर, मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर. डोळे सुजायचे, पोटऱ्या वळायच्या. पण सहा महिन्यांत रक्त सुधारलं आणि मशीनची घरघर पुन्हा सुरू झाली.

"घेतल्यास का गं चारही?" ताई आतून विचारी.

"घेतल्या गं बाई. तोंड उघडून दाखवू?"

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्या.

"मध्ये गोळ्या चुकल्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

ताई तडकलीच. "एकसुद्धा नाही! खिडकीवर विचारा. प्रत्येक स्ट्रिप परत केलीय आम्ही."

टाचणी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली.

डोस वाढवला, पण आजार पुढे निघून गेला होता. टाचणीने अंथरूण धरलं. राहिलेले गणवेश ताई कसेबसे पुरे करत होती. एका दुपारी तिने बटणांच्या डब्यात तळापर्यंत हात घातला. हाताला बटणं लागली, पण बोटांना भोकं लागेनात. खिडकीपाशी नेऊन, डोळ्यांजवळ धरून पाहिलं. पिवळट तांबूस, गुळगुळीत गोळ्या. मूठभर काढल्या तरी खाली होत्याच.

"टाचणे, हे काय?"

टाचणीने खाटेवरूनच मान वळवली.

"दोन खायच्या, दोन ठेवायच्या. बरं वाटत होतं गं मला."

"अगं पण कशासाठी?"

"एखाद्या वर्षी अर्ज नामंजूर झाला असता तर? तुला एकटीला टाकून जायचं नव्हतं मला. म्हटलं, गाठीशी असू देत."

ताई डबा मांडीवर घेऊन बसली.

"मला सांगायचंस तरी."

"ओरडली असतीस."

"ओरडलेच असते!"

टाचणीला हसू आलं, मग खोकला. ताईने तिला उठवून पाणी पाजलं आणि पाठीवरचा हात बराच वेळ काढला नाही.

डॉक्टर म्हणाले, अर्ध्या डोसाला आजार सरावलाय, आता ही गोळी लागू पडायची नाही. पुढल्या दोन महिन्यांत टाचणी गेली.

सुट्या गोळ्या दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत, म्हणून खिडकीवरच्या बाईंनी त्या नष्ट करायला ठेवून घेतल्या आणि ताईला आत बोलावून बसवलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या स्ट्रिपा मोजून झाल्यावर प्रत्येकाला विचारत, "खाता ना पण?" डॉक्टर मोठ्या इस्पितळात गेले. मशीन शेजारच्या सुनेने नेलं. तिचा त्यावर संसार चालला.

ताई आता ऐंशीच्या पुढे आहे. जाण्याआधीच्या आठवड्यात टाचणीने उशीला टेकून घरातली प्रत्येक सुई ओवून ठेवली होती, काळ्या-पांढऱ्या दोऱ्यांची, ओळीने. ताईने त्या पुरवून पुरवून वापरल्या. एक राहिली आहे. तिचा पांढरा दोरा पिवळा पडलाय.

गेल्या वर्षी ताईच्या बाहीचं बटण तुटलं. ती बाही दुमडून घेते.