मंगळवारचा शिक्का

मित्रांनो, माझ्या डोक्यावर सध्या जिरेनियमची कुंडी आहे. तिचे पाणी माझ्या फटींत झिरपते, पण तक्रार करायची कुणाकडे? मी एक जुने पीसीआर यंत्र आहे. रोमानियातल्या एका जिल्हा रुग्णालयात, प्रयोगशाळेच्या दाराबाहेर बोळात पडून आहे.

माझे काम ऐकायला सोपे. काही जंतू औषधाला दाद देत नाहीत. तो हट्ट त्यांच्या एखाद्या जनुकात लिहिलेला असतो, पण जनुक इतके बारीक की दिसणार कसे? मी नळीतला थेंब तापवायचे, निववायचे, पुन्हा तापवायचे. दर फेरीला त्या जनुकाच्या प्रती दुप्पट व्हायच्या. पस्तीस फेऱ्या झाल्या की आमची तंत्रज्ञ झेनोव्हिया तो थेंब जेलीच्या पातळ वडीत सोडून विजेने पुढे सरकवायची. जनुक असले तर दिव्याखाली रेघ चमकायची. जंतू वाढवून, त्यांच्यावर औषध घालून बघायला दोन-तीन दिवस जात. मला एक दुपार पुरायची. तेव्हा माझे कोण कौतुक!

आठव्या वर्षी माझे झाकण तापेना. कंपनीने सांगितले, भंगारात काढा. पण रुग्णालयाचे वीजतंत्री पाम्फिलकाका आले आणि त्यांनी एका जुन्या इस्त्रीचे आतडे काढून माझ्यात बसवले.

"झेनोव्हिया, हे यंत्र आहे की माझी बायको गं? घटकेत गरम, घटकेत थंड!"

"काका, सांगू का काकूंना?"

"सांग की. मग मलाच भंगारात काढेल ती."

त्या इस्त्रीच्या जिवावर मी आणखी सहा वर्षे राबले.

मग एका वर्षी ईस्टरच्या आधी काकांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आणि जखम चिघळली. ताप उतरेना. गुड फ्रायडेला सकाळी त्यांच्या रक्तातले जंतू माझ्याकडे आले. दुपारी दोनला रेघ चमकली. म्हणजे चालू असलेले औषध फुकट जात होते. लागू पडणारे दुसरे औषध वरच्याच मजल्यावर कपाटात होते.

फक्त कागदावर शिक्का हवा होता. आमच्याकडे प्रत्येक डॉक्टरचा शिक्का त्याच्याच खिशात असतो. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर प्रिपोराश बारालाच तो खिशात घालून गावी ईस्टरचे कोकरू कापायला गेले होते.

झेनोव्हियाने त्यांना फोन लावला.

"अगं, आभाळ कोसळलंय का?" ते म्हणाले. "आणि त्या खटाऱ्याचं काय घेऊन बसलीस? सुट्टी संपली की मंगळवारी बघतो."

मग तिने वॉर्डात फोन केला. तिथली परिचारिका रुक्सांड्रा म्हणाली, "बिनशिक्क्याच्या कागदावर इथे कुणी औषध बदलत नाही, बाई. उद्या चौकशी लागली तर माझ्या जागी तू उभी राहशील?"

झेनोव्हियाने फोन ठेवला. तिने कागद खणात ठेवला. मी ओरडले असते, पण मला एकच शिट्टी येते, काम संपल्याची. ती मी केव्हाच वाजवली होती.

रविवारी ती काकांना सणाचे लाल रंगवलेले अंडे देऊन आली. कागद नेला नाही. सोमवारी संध्याकाळी काका गेले. मंगळवारी कागदावर शिक्का उमटला, निळा, गोल, सुबक.

चौकशी झाली. निष्कर्ष निघाला: यंत्र जुने असल्याने निकालास विलंब. खाली तीन सह्या, तिसरी झेनोव्हियाची. मला राग येतो तो तिचाच. बाकीच्यांनी मला कधी आपले म्हटलेच नव्हते. मला बोळात काढल्यावर ही कुंडी तिनेच ठेवली. रोज पाणीही तीच घालते, आणि माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, शेवटी 'आमची निगा राखा' असे म्हणायचा रिवाज आहे. मला पुसू नका, झाकूही नका. पण आम्ही वेळेवर खरे सांगितले, तर ते घेऊन जिन्यावरून धावत सुटा. शिक्का मागून येऊ द्या.

माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. ते तासाभरात निकाल देते, सगळे त्याच्यावर खूश आहेत. गेल्या शुक्रवारी दुपारी त्याने एक कागद काढला. डॉक्टर गावी गेले होते. झेनोव्हिया कागद हातात धरून जरा वेळ उभी राहिली. मला दारातून सगळे दिसत होते. मग तिने खण उघडला.