दिसलं पाहिजे

ओपलला पिस्तूल चालवता यायचं, त्यात नवल काहीच नव्हतं. आमच्या डोंगरात कोल्ह्यांपासून कोंबड्या राखणाऱ्या घरातल्या पोरींना ते येतंच. तिची अडचण निराळी होती. पिस्तूल ठेवायचं कुठे, हेच तिला कुणी धड सांगेना.

"कमरेला लावा," बंदुकांचा दुकानदार म्हणाला. "उघड्यावर. आपल्या नॉर्थ कॅरोलायनात त्याला परवाना लागत नाही. दिसलं पाहिजे, एवढंच."

"आणि वर कोट घातला तर?"

"मग ते लपवलं. लपवायला परवाना लागतो."

"अहो, नोव्हेंबर आहे! बाहेर कानाच्या पाळ्या गळून पडायची वेळ आलीय. कोट घातला की मी गुन्हेगार आणि काढला की साळसूद?"

"आखूड कोट घाला, ओपलताई," तो म्हणाला. वर हसला, मेला.

परवान्यासाठी तिने अर्ज केला होता. वर्ग झाला, बोटांचे ठसे दिले, गोळ्या झाडून दाखवल्या. शेरीफच्या कचेरीतली बाई म्हणाली, येईल. कधी? तर येईल तेव्हा येईल. आणि वेड काही परवान्याची वाट बघत थांबणार नव्हता.

वेड म्हणजे तिच्या लेकीचा, क्रिस्टलचा नवरा. क्रिस्टल नशेच्या गोळ्यांच्या नादाला लागली ती त्याच्याच संगतीने. आता ती शेजारच्या जिल्ह्यात व्यसन सोडवायच्या केंद्रात होती आणि तिची सहा वर्षांची लेसी ओपलकडे. गेल्या रविवारी वेड पोर्चवर येऊन उभा राहिला. डोळे लालभडक. "माझी पोरगी मला दे," म्हणाला. "मध्ये आलीस तर तुझाही निकाल लावतो." आतून लेसीने आवाज ऐकला आणि ती पलंगाखाली जाऊन बसली. तो गेल्यावरही बराच वेळ ती बाहेर यायला तयार नव्हती.

वकीलबाईंनी फोनवर ओपलला अगदी पढवून ठेवलं होतं. सोमवारी न्यायाधीशांपुढे सुनावणी. लेसीचा ताबा आजीला मिळायला हरकत नाही. पण हुकूम हातात पडेपर्यंत वेड तिचा बाप आहे, आणि बापाने पोरीला उचलून नेलं तर कुणालाही त्याला अडवता येत नाही. "तेव्हा तोवर पोरीला तुमच्या हाताशीच ठेवा. आणि तुमच्या नावावर साधा ओरखडासुद्धा उठू देऊ नका. एखादा गुन्हा लागला ना, तर त्याचा वकील तेच धरून बसेल."

म्हणजे बघा. पोरीला राखायचं, पण राखताना कायदा मोडायचा नाही. आणि कायदा काय आहे, ते मात्र कुणाला विचारावं!

तिने तिच्या थोरल्या भावाला, डॉइलला विचारलं. डॉइलला सगळं माहीत असतं. निदान त्याला तसं वाटतं.

"घरात घुसला तर तुला पळायची गरज नाही," मक्याचा पाव घेवड्याच्या रश्शात बुडवत तो म्हणाला. "आपलं घर. उभी राहा आणि घाल गोळी."

"आणि दादा, पोर्चवर असला तर?"

"पोर्च..." डॉइल चावायचा थांबला. "पोर्च घरातच धरायचा."

"भिंती कुठे आहेत त्याला?"

"छप्पर आहे ना!"

"बरं. आणि एक पाय पायरीवर, एक पाय गवतात असला तर?"

"तर अगं, आधी त्याला आत बोलव! कॉफी पाज!" डॉइल वैतागला. "माझं डोकं नको खाऊस. वकिलाला विचार."

वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ते परिस्थितीवर अवलंबून आहे. ओपलने फोन ठेवला आणि फोनकडे बघून एक शिवी हासडली. ती इथे लिहीत नाही.

गाडीचाही तोच घोळ. डॉइल म्हणाला, समोरच्या खणात ठेव. दुकानदार म्हणाला, चुकूनही नाही! खणात म्हणजे लपवलंच, शेजारच्या सीटवर ठेवा, काचेतून बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. मग ओपलने शेजारची सीट झाडून पुसून रिकामी केली. हातमोजे मागे टाकले, कोट मागे टाकला, आणि मधोमध पिस्तूल ठेवलं. वळणावर गाडी कलली की ते घसरायचं. ती एका हाताने त्याला धरायची आणि मग तिला शंका यायची, हाताने झाकलं तर ते लपवणं होतं का? साठी ओलांडलेली बाई ती. तिला अशा शंका येऊ लागल्या होत्या आणि त्या विचारायला माणूस नव्हता.

आठवडाभर लेसी तापाने घरीच होती, तेव्हा शाळेचा प्रश्न आला नाही. शुक्रवारी ताप उतरला आणि ती शाळेत गेली. डॉइलनेच सकाळी सोडली तिला. ओपल नाताळच्या झाडांच्या मळ्यात फांद्यांच्या माळा बांधायच्या कामावर गेली. दुपारी डॉइलचा फोन आला.

"वेडचा ट्रक पेट्रोल पंपावर दिसला मला. शाळेच्या वाटेला लागला बघ तो. तू नीघ!"

हाताला झाडांचा चीक तसाच, कोट तसाच खुंटीवर. ओपल निघाली. घाटातली वळणं तिने कशी घेतली ते तिलाही सांगता येणार नाही. आपण आधी पोचायचं आणि लेसीचा हात आपल्या हातात यायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आणि पोचली की आधी! शाळा सुटायला अजून अवकाश होता. पोरांना न्यायला आलेल्या गाड्यांची रांग लागत होती. ओपल तिच्यात शिरली. आरशात बघते तर मागे तिसरा वेडचा निळा ट्रक. येऊ दे मेल्याला. रांग म्हणजे रांग. तिची गाडी आधी पुढे जाणार, लेसी आधी तिच्याच गाडीत बसणार. तिने गाडी आणखी जरा पुढे सरकवली.

तेवढ्यात तिची नजर कुंपणावरच्या पाटीवर गेली. पिस्तुलाचं चित्र आणि त्यावर लाल काट. लेसी बालवर्गात होती तेव्हापासून ती पाटी तिथे होती, आणि ओपलने ती कधी वाचलीच नव्हती. वाचायची गरज काय पडली होती? खाली लिहिलं होतं की शाळेच्या आवारात शस्त्र आणणं हा गंभीर गुन्हा आहे. आवारात. म्हणजे गाडीतसुद्धा?

तिने शेजारच्या सीटकडे बघितलं.

कोट, खण, पोर्च, पायरी, सगळ्यांनी सगळं सांगितलं होतं. शाळेचं एकाने सांगितलं नाही! आणि तिलाही सुचू नये? शेजारी ते चकचकीत काळं पिस्तूल, कुणालाही दिसेल असं, दुकानदाराने सांगितल्याबरहुकूम.

पुढे शाळेवर नेमलेला शेरीफचा पोलीस, डेप्युटी कोडी, एकेका गाडीचं दार उघडायला उभा राहिला होता. चांगला पोरगा. डॉइलबरोबर मासे धरायला जायचा. पण वर्दी ती वर्दी. पिस्तूल सीटखाली ढकलावं? मग ते लपवलं, म्हणजे दोन गुन्हे. तसंच ठेवावं? मग कोडी दार उघडणार ते नेमकं पिस्तुलाच्याच बाजूचं. त्याला हाक मारून सांगावं? सांगितलं की गुन्हा कबूल केला, आणि सोमवारी न्यायाधीश विचारणार, बाई, तुम्ही शाळेत पिस्तूल घेऊन गेलात? ओपलचं डोकं पार भंजाळलं. पुढे गाडी, मागे गाडी, घंटा व्हायची होती.

घंटा व्हायची होती, म्हणजे अजून वेळ आहे, असं तिच्या मनाने घेतलं. गाडी बाहेर न्यायची, रस्त्यापलीकडे चर्चच्या पटांगणात लावायची आणि पळत परत यायचं. तिने चाक वळवलं, कडेच्या दगडावरून गाडी गवतात घातली आणि बाहेरच्या फाटकातून निघून गेली. मागून कुणीतरी भोंगा वाजवला.

चर्चपाशी तिने गाडीला कुलूप घातलं. तोच शाळेची घंटा झाली. ती धावली, पण शाळेच्या बस एकामागून एक बाहेर पडायला लागल्या आणि रस्ता ओलांडताच येईना. बिनकोटाची, चिकाचे हात हलवत ती कडेला उभी राहून ओरडत होती. बसमधल्या पोरांनी तिला हसून हात केला.

फाटकात पोचली तेव्हा तिला श्वास घेववत नव्हता.

"अहो ओपलमावशी, तुम्ही?" कोडी म्हणाला. "मघाशी तुमची गाडी जाताना बघितली. म्हटलं, बापाने न्यायचं ठरलं असेल. वर्गाच्या बाईंनी मला विचारलंसुद्धा. मी म्हटलं, कोर्टाचा हुकूम तर काही नाही आपल्याकडे..."

"लेसी कुठाय?"

"आत्ताच गेली. वेडच्या ट्रकमधून." त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "जरा रडत होती. मला वाटलं, तापातून उठलीय म्हणून."

ओपलने त्याची बाही धरली. "त्याला अडव! कोडी, कुणाला तरी मागे पाठव त्याच्या!"

"काय म्हणून पाठवू, मावशी? बापाने आपली पोरगी नेली. रांगेत तुम्ही त्याच्या पुढे होता, तुम्ही आपणहून निघून गेलात. मी काय कळवू वर? का गेलात तुम्ही?"

सोमवार ओपलच्या डोळ्यांपुढे आला, न्यायाधीश आले, वकीलबाई आल्या.

"त्याने मला जिवे मारायची धमकी दिलीय," ती म्हणाली. "लेसीला घेऊन जाईन म्हणाला. तो प्यालेला असेल. त्याच्या भीतीने मी पिस्तूल घेतलं. ते माझ्या गाडीत होतं. इथे, आवारात, सीटवर. ती पाटी मी आत्ता बघितली. म्हणून पळाले."

कोडीने कपाळावर हात मारला.

"मग काच खाली करून मला हाक मारायची ना!" त्याचा आवाज चढला. "मी धरून ठेवली असती तिला माझ्याजवळ! तुम्ही परत येईपर्यंत!"

"मला काय माहीत?" ओपल रडायला लागली. "कुणी काही धड सांगतच नाही!"

त्याने खांद्यावरच्या वायरलेसला हात घातला आणि तो तसाच थांबला. "मावशी, हे मी कळवलं की पिस्तुलाचंही कळवावं लागेल. ते मी ऐकलंच नाही, असं मला म्हणता येणार नाही. सोमवारी तुमचं..."

"कळव," ओपल म्हणाली. "पण आधी ट्रकचं कळव. निळा आहे. आणि पोरीने लाल टोपी घातलीय."