महबूबभाईंचं रीळ

विजयकुमारनं गळाच्या रिळाचा शेवटचा स्क्रू काढला, झाकण उचललं आणि आतल्या दात्यांवर बोट फिरवलं. बोटाला स्वच्छ ग्रीस लागलं. मीठ नाही, गंज नाही, वाळूचा कणसुद्धा नाही.

"खल्लास ना?" महबूबभाईंनी पलंगावरून विचारलं. "खाऱ्या पाण्यानं खाल्लं असणार. मी कधीचा सांगतोय."

"बघतोय."

आखातातल्या, खैतानमधल्या त्या घरात जुम्म्याची जेवणं उरकली होती. मूळचे मुरुडचे महबूबभाई शिंप्याच्या दुकानात कटिंग मास्टर. अरबाची पायघोळ दिशदाशा बेतावी तर त्यांनी आणि थाप मारावी तीही त्यांनीच. राजपुरीच्या खाडीत म्हणे त्यांच्या गळाला एकदा असा जिताडा लागला की तोच होडी ओढत निघाला, तो थेट जंजिऱ्याच्या दरवाज्यापर्यंत. भल्याभल्यांना जो किल्ला मिळाला नाही, तो एका माशानं मिळवून दिला असता. दोरी तुटली म्हणून इतिहास वाचला. विजयकुमार पडला नाशिकचा इंजिनीयर, रिफायनरीतला. तो शांतपणे विचारायचा, "होडीचं वजन किती होतं, महबूबभाई?" शुक्रवारी बनेद अल-गारच्या किनाऱ्यावर निम्मी माणसं मासे सोडून या दोघांनाच बघायला यायची.

मात्र मागच्या शुक्रवारी खरोखरच मोठा हमूर लागला. महबूबभाईंनी हँडलला दोन फेरे दिले आणि हात तिथंच थांबला. मासा गेला. रिळाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मग दोघं नवीन रीळ बघायला दुकानात गेले, तर तिथंही महबूबभाईंनी एकेक हँडल फिरवून प्रत्येकाला नावं ठेवली. हे जड, ते अडकतं, जिताड्याला पुरं पडेल असं तर एकही नाही. दुकानदार बिचारा रिळं पुसून पुसून परत कपाटात ठेवत होता.

विजयकुमारनं झाकण लावलं, हँडल बसवलं आणि हलकेच टिचकी मारली. रीळ आपलं आपण फिरत राहिलं, काही केल्या थांबेना. आवाज म्हणून नाही. त्यानं पटकन तळवा ठेवून ते थांबवलं.

बिल्कीसभाभी चहा घेऊन आल्या. महबूबभाईंनी कप डाव्या हातानं घेतला. उजवा उशीखाली होता.

कटिंग मास्टरचा हात गेला, तर त्याचा इकामा, इथं राहायचा परवाना, कोण कशाला वाढवील? परतीचं विमान, आणि मग मुरुडला बसून गोष्टी. विजयकुमारनं मान खाली घातली.

"काय निघालं?"

"बेअरिंग गेलंय."

"कुठलं?"

"आतलं."

"आवाज करत होतं काय?"

"हो. म्हणजे... तसा नाही."

महबूबभाई इतके हसले की चहा बशीत सांडला. "ओ साहेब, थाप मारायची तर तिला हातपाय द्यावे लागतात! बेअरिंग कुणी खाल्लं, कुठल्या दर्यात, साक्षीला कोण होतं? इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून शिकलात काय?"

विजयकुमारचे कान तापले. तो उगाच ग्रीसची डबी पुसत बसला.

हसू ओसरलं. महबूबभाई पलंगावरून खाली उतरले, समोर मांडी घालून बसले आणि डाव्या हातानं उजवा उचलून खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवला, रिळाच्या शेजारी. बोटं अर्धी मिटलेली होती. ती उघडायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"कात्री धरवत नाय," ते म्हणाले. "रमजानपासून. बिल्कीसला वाटतंय, एसीनं आखडलाय."

"बिल्कीसला काय वाटतं, ते बिल्कीसला विचारा की कधी," दारातून भाभी म्हणाल्या. त्या गेल्या नव्हत्या. रिकामा ट्रे छातीशी धरून तिथंच उभ्या होत्या.

महबूबभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. विजयकुमारनं हातातली डबी बाजूला ठेवली.

"शनिवारी सुट्टी काढाल काय, साहेब?" महबूबभाईंनी विचारलं. "दवाखान्यात एकटा गेलो, तर डॉक्टरला भलतंच कायतरी सांगून येईन मी."