आधी काय, मग काय

पेल्याच्या काठाखालून एक बुडबुडा निसटला — मोहरीएवढा — रंगीत पाण्यात क्षणभर रेंगाळला आणि फुटला. बाईंनी तो पाहिला, आणि पाहिला नाही असं ठरवलं. इतकी वर्षं हेच चाललं होतं. ताटलीत पाणी, पाण्यात जळती मेणबत्ती, वर उपडा काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी आत चढतं, आणि बाई फळ्याकडे वळून सांगतात, ज्योतीनं प्राणवायू खाल्ला, त्याची जागा पाण्यानं घेतली... मुली उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, सगळं कसं सुरळीत.

“पण बाई,” मधल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, “पाणी तर ज्योत विझल्यावर चढलं. ती हवा खात होती तेव्हा का नाही चढलं?”

वर्ग हसला. ‘पुस्तकात काय दिलंय?’ — हे वाक्य जिभेवर तयारच होतं. पण दुसरंच कुणी बोलावं तसं बाईंना ऐकू आलं, “मला नाही माहीत. कसं शोधायचं?”

आणि तास हातातून गेला. कुणी म्हणालं, दोन मेणबत्त्या लावू. पेल्यातला प्राणवायू तेवढाच, मग पाणीही तेवढंच चढायला हवं. चढलं जास्त. ‘पेला वाकडा धरलास’, ‘नाही गं’, ‘पुन्हा कर’ — पुन्हाही जास्तच.

“हवा तापून आधीच बाहेर पळते, बाई,” चष्मेवाली म्हणाली. “उरलेली गार झाली की आकसते.”

“असेल. पण तुझं म्हणणं चूक असेल तर काय दिसेल, ते सांग.”

शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सर दारातून डोकावले. “काय गोंधळ आहे?”

“काही नाही सर, चुकतोय आम्ही,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी घराचा जिना चढताना बाईंना हसू आलं, आणि मधल्या पायरीवर ते थांबलं. ‘निवृत्त झाल्यापासून हे गप्पच झालेत’ — बहिणीला, शेजारणीला, फोनवर लेकीला त्या हेच सांगत आल्या होत्या. काम सुटलं की पुरुषांचं असंच होतं, सगळ्यांना पटायचं. पण यांच्या निरोप समारंभाच्या आदल्या हिवाळ्यात... जेवताना यांची नजर भिंतीकडे, भाजी अळणी झाली तरी शब्द नाही... म्हणजे गप्प होणं आधीचं. निवृत्ती नंतरची. मग मी सगळ्यांना काय सांगत होते? आणि त्या हिवाळ्यात मी कुठे होते — पेपर तपासत होते, की...

नवरा खिडकीपाशी पेपर पसरून नखं कापत होता. चपला न काढताच त्या उभ्या राहिल्या.

“एक विचारू?”

“हं.”

“तुम्ही बोलेनासे कधीपासून झालात?”

त्यानं मान वर केली. रागावला नव्हता. नेलकटर पेपरवर ठेवला.

“तुला कधीपासून वाटतंय?”

उत्तर होतं त्यांच्याकडे, पाठ असलेलं. त्यांनी ते दिलं नाही. खुर्ची ओढून समोर बसल्या. भीती वाटत होती, आणि तिच्या बाजूनंच काहीतरी हलकं, उत्सुक असं वर येत होतं... अशा वेळी ते यावं याची त्यांना थोडी लाजही वाटली. तो पुन्हा नखांकडे वळला नव्हता. “मला नाही माहीत,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगा.”