पक्की कडी

"मिस्त्री, कडी काढा म्हटलं मी, घट्ट करा असं नाही!" सिस्टर वॉर्डातूनच ओरडल्या.

मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हर उलटा फिरवला. हात सवयीनं आवळायलाच बघत होता. प्रसूतीच्या वॉर्डातल्या न्हाणीघराचं दार बाहेर उघडेल असं करायचं, आतली कडी काढायची आणि बाहेर 'आत कोणी आहे' अशी सरकती पाटी लावायची, एवढंच काम. फिट येणाऱ्या गरोदर बायकांची आता इथं वेगळी सोय झाली होती. फिटचे डॉक्टर आणि बाळंतपणाचे डॉक्टर एकाच दिवशी, एकाच खोलीत बसत. सिस्टर प्रत्येकीला बजावत, "गोळी मनानं बंद करायची नाही. आणि दार लावून एकटीनं अंघोळ नाही."

मिस्त्रीच्या बायकोला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं होतं. दिवस भरत आले होते. "कडी नको हो, मी दार नुसतं लोटून घेईन," ती म्हणाली होती. घरात तेव्हा त्याच्या बहिणीच्या सासरची माणसं मुक्कामाला होती. "मिस्त्रीच्या घरात दाराला कडी नाही? लोक तोंडात शेण घालतील," म्हणत त्यानं जाड पितळी कडी बसवली. वर पाहुण्यांपुढे ऐट, "हत्ती आला तरी उघडायची नाही."

"अगंबाई, कडी कुठाय?" सुनेला घेऊन वॉर्डात आलेल्या एक सासूबाई न्हाणीघराच्या दाराशीच अडल्या. "माझी सून काय उघड्यावर अंघोळ करणार?"

"उघड्यावर कुठं, मावशी? तुम्ही बसा ना इथं स्टुलावर. कोणाची छाती आहे आत जायची!" सिस्टर हसल्या.

सून हसली नाही. पोटावर हात ठेवून खाली बघत उभी राहिली.

"हसण्यावारी नेऊ नका. लाज म्हणून काही असते की नाही? कडी नसेल तर आम्ही आपल्या घरी जातो. अहो मिस्त्री, लावा बघू ती परत. तुमच्या घरात चालेल का असं?"

मिस्त्रीचे कान तापले. मी कामाचा माणूस, मला काय विचारता, असं म्हणून सुटता आलं असतं.

"माझ्या घरात कडी होती," तो म्हणाला.

"मग!"

"चांगली पक्की होती. मीच बसवलेली." त्यानं मान वर केली नाही. "बायकोला आत फिट आली. पोटुशी होती. माझ्यानं दार लवकर तुटलं नाही."

सासूबाईंनी स्टूल ओढलं आणि दाराकडे पाठ करून बसल्या.

"जा गं," त्या सुनेला म्हणाल्या. "आणि आत बडबडत राहा. मला ऐकू येऊ दे."

"काय बडबडू?"

"मला शिव्या घाल. एरवी मनात घालतेसच."

आतून हसू ऐकू आलं, मग पाण्याचा आवाज. मिस्त्रीचं काम संपलं होतं. तरी तो झाडलेला भुसा पुन्हा झाडत बसला.

पाणी थांबलं. केरसुणी थांबली.

"सूनबाई?"

"केस पुसतेय, आई."

मिस्त्रीनं कडी पिशवीत टाकली. पिशवी उचलताना त्याच्या लक्षात आलं, कडीचे स्क्रू अजून मुठीतच होते. तळहातावर त्यांचे वळ उठले होते.