तिसऱ्या टेबलावरची थोरली

उन्हाळ्याच्या सुट्टीत व्यवस्थापन महाविद्यालयाने शाळकरी मुलांसाठी तीन आठवड्यांचा वर्ग काढला. धंदा म्हणजे काय, तो चालवतात कसा, याची तोंडओळख. चाळीस जणांत शहाणीचा नंबर लागला. आई गेल्यापासून तिला मावशीने वाढवलं होतं, आणि शहाणी हे नावही मावशीनेच पाडलेलं. मावशी साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला होती.

वर्गातली बाकी मुलं डॉक्टरांची, दुकानदारांची. शहाणीशी कुणी वाईट वागत नसे, बोलतही नसे.

दुसऱ्या आठवड्यात सर सगळ्यांना कारखाना दाखवायला घेऊन गेले. तो नेमका मावशीचाच निघाला. वरच्या काचेतून पॅकिंगची टेबलं दिसत होती. मावशीने मान वर करून पाहिलं. शहाणीने ओळख दाखवली नाही.

"इथे वेळ कुठे वाया जातो ते शोधा," सर म्हणाले. "परवा मॅनेजरसाहेब स्वतः ऐकायला येतील."

मुलांनी रंगीत तक्ते केले. शहाणीला तक्त्याची गरज नव्हती. तिसऱ्या टेबलावर सगळ्यांत जुनी बाई बसे, तिला सगळ्याजणी थोरली म्हणत. तिची नजर अधू झाली होती. खोक्यांवरचे नंबर तिला दिसत नसत, म्हणून मावशी आणि आणखी एकजण आपलं काम सांभाळून तिची खोकी तपासत. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मावशीने घरी सहज बोलून दाखवलेलं.

"तिसऱ्या टेबलावर एकीचं काम तिघी करतात," मॅनेजरसाहेब आले त्या दिवशी शहाणीने उभं राहून सांगितलं. "त्यामुळे पुढची टेबलं अडून राहतात."

"तुला कसं कळलं?" मॅनेजरने विचारलं.

"बघितलं."

"याला म्हणतात नजर," सर म्हणाले. टाळ्या पडल्या. डॉक्टरांच्या मुलीने सरकून तिला शेजारी जागा दिली.

बारा दिवसांनी मावशी कामावरून आली ती चपलांसकट खुर्चीत बसली.

"थोरलीला काढलं. आम्हा दोघींना आत बोलावून ताकीद. साहेब म्हणाले, सुपरवायझरला दिसत नाही ते शाळेतल्या पोरीला दिसतं."

शहाणीने हातातली वही मिटली.

"चूक माझीच. तुझ्यापाशी बोलले."

"मला वाटलं, तिला सोपं काम देतील."

"असं म्हणालीस का तिथे?"

ती म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळं कबूल करायचं म्हणून ती थोरलीकडे गेली. थोरलीने पाणी दिलं आणि कंपनीचं पत्र तिच्या हातात ठेवलं.

"बरं झालं आलीस. सुनेला वेळ नाही. वाच बघू, तू हेच शिकतेस ना?"

पत्र आठ ओळींचं होतं. कार्यक्षमता, पुनर्रचना... सगळे शब्द वर्गात नुकतेच घोटलेले.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे परत बोलावणार नाहीत."

"कुणी सांगितलं, ते लिहिलंय?"

शहाणीच्या अगदी ओठांवर आलं होतं. "नाही," ती म्हणाली.

"लाईनवरचीच असणार कुणीतरी. तुझ्या मावशीचाच जीव मेटाकुटीला आला होता माझ्या खोक्यांनी."

"मावशीने नाही सांगितलं."

थोरलीने मान हलवली. घरच्या माणसाची बाजू घेणाऱ्या पोरीचं ऐकून घ्यावं, तसं ऐकून घेतलं.

त्यानंतर थोरली मावशीशी कधी बोलली नाही. आणि मावशीनेही तिला खरं काय ते सांगितलं नाही.